गवंडी मामा, तुमची शाल द्यायची राहून गेली

मामा, नमस्कार. तुम्ही मोबाईलवर फक्त फोन उचलता, त्यामुळे हे तुमच्या नातवानं वाचून दाखवायचंय. आणि चुकलो तेव्हा चार माणसांत चुकलो, म्हणून आभारपण चार माणसांतच मानतोय.

वास्तुशांतीला आम्ही फर्निचरवाल्याला शाल-नारळ दिला, टाइल्सवाल्याला दिला, आणि तुम्ही मागं मजुरांबरोबर पंगतीला बसलात, जेवलात आणि सायकल काढून येळ्ळूरला गेलात पण. रात्री बायकोनं विचारलं, मामांचा सत्कार कुठं केलात? काय सांगणार, गप्प बसलो.

त्यात मी कामाच्या वेळी तुमच्याशी भांडलेलो. लिंटलला, म्हणजे खिडकी-दारांच्या वरच्या पातळीला, चारी भिंतींवरनं सलग काँक्रीटची पट्टी घालायची म्हणालात, वर कोपऱ्यात सळई संपवायची नाही, वाकवून पुढच्या भिंतीत न्यायची, म्हणून लोखंड वाढलं. मी आमच्या बेळगावच्या वडगावभर सांगत फिरलो की मामा बिल फुगवालाय. आधीचा मिस्त्री तर म्हणालेला, खिडकी-दारावर तुकडे टाकले की झालं. शेवटी तुम्ही मला उन्हात बसवून दोन रिंगा, म्हणजे सळ्यांना भोवतीनं आवळून धरणाऱ्या लोखंडी कड्या, हातात दिलात. एकीचा हूक नुसता काटकोनात वाकवलेला, दुसरीचा पार आत वळवलेला. पहिली अंगठ्यानं ओढली तर फाकली, दुसरी हलेना. "हादरा बसला की वरचं काँक्रीट गळून पडतंय, मग ही उघडी हूकवाली रिंग सुटतीय आणि सळ्या बाहेर येत्यात. भिंतीत काय हाय ते भिंत पडल्यावर बघून काय करणार तू?" एवढं बोलून परत थापी हातात घेतलीत. मी हिशेबाची वही मिटली, पण मनातनं पटलं नव्हतं हे आज कबूल करतो.

पटलं ते नंतर, स्लॅबला पाणी मारताना तुम्ही किल्लारीच्या भूकंपाचं सांगितलंत तेव्हा. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारच्या सुमाराला, गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपलेले, आणि दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. तुम्ही तिकडं नवीन घरं बांधायच्या कामावर गेलेला. मला वाटायचं दोन-दोन फुटाची दगडी भिंत म्हणजे किल्लाच की. तुम्ही म्हणालात, ती एक भिंत नसतीय, आतली एक आणि बाहेरची एक, मधी चिखल आणि गोट्या, दोन्ही बाजू बांधून ठेवणारा आरपार दगड कुणी घातलेलाच नाही. हलली की दोन्ही बाजू दोन दिशेला, आणि वरचा मातीच्या धाब्याचा सगळा भार झोपलेल्या माणसांवर. हे सांगताना पाण्याची पाइप एकाच जागी धरून उभे होतात, तिथं डबकं झालेलं.

मी तरीपण म्हणालोच, अहो ते लातूरला, आपल्याला काय? 2002 च्या सरकारी भूकंपाच्या नकाशात बेळगाव झोन 3 मध्ये आहे आणि कोयना झोन 4 मध्ये (आकडा मोठा तेवढा धोका जास्त), हे मी नंतर बघितलं. आजीनं मात्र नकाशा न बघता सांगितलं. 11 डिसेंबर 1967, कोयनेचा भूकंप, पहाटेच. तिला वाटलं शेजारच्यानं एवढ्या लवकर माग चालू केला काय, आणि शिव्या घालायला उठली तर फडताळातली भांडी आपोआप वाजालेली. (आमच्या गल्लीत खडखडाटाची एवढी सवय की भूकंपालापण पहिल्यांदा शिवीच मिळाली.) आणि लांब म्हणाल तर 2001 ला भूकंप कच्छात झाला आणि दोनशे किलोमीटरच्या वर लांब अहमदाबादेत बिल्डिंगी पडल्या, खाली पार्किंगला नुसते खांब ठेवलेल्या कितीतरी.

राहायला आल्यावर तुम्ही न बोलावता आलात ते तर मी विसरणारच नाही. चहा नको म्हणालात आणि सरळ बेडरूममध्ये. पोरीच्या पलंगावरच्या फळीवर आईची पितळेची घागर होती, ती पहिल्यांदा खाली उतरवलीत. लोखंडी कपाट अँगल मारून भिंतीला आवळलंत, पलंग खिडकीच्या काचेपासून सरकवलात. उशाला चप्पल आणि बॅटरी ठेवायला सांगितलीत, कारण अंधारात काचांवरनं अनवाणी कोण पळणार. पोरीला शाळेत शिकवलंय की हलायला लागलं की टेबलाखाली जायचं, डोकं झाकायचं आणि टेबलाचा पाय घट्ट धरायचा, जिन्याकडं पळायचं नाही. तिनं तुम्हालाच टेबलाखाली बसवून परीक्षा घेतली आणि तुम्ही गुडघे दुखत असताना बसलात. थांबल्यावर काय करायचं हे तुम्ही तिला विचारलंत, तर ती म्हणाली गॅस बंद करून बाहेर, विजेच्या तारांपासून लांब. पास झालीस म्हणालात.

तर मामा, येत्या रविवारी जेवायला या. शाल आणून ठेवलीय, नारळपण. आणि येताना पाना घेऊन या, कपाटाच्या अँगलचा वरचा बोल्ट जरा ढिला वाटतोय, मी आवळायला गेलो तर पोरगी म्हणाली, तू नको, मामाआजोबांना येऊ दे.