शनिवारच्या भूतबंगल्याबद्दल

मंडळी, हॅलोविनची, म्हणजे शनिवार ३१ ऑक्टोबरची तिकिटं काढून झाली आहेत. संध्याकाळी साडेपाचला गुडलक चौकात जमायचं. नगर रोडचं ट्रॅफिक सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे पावणेसहाला गाड्या निघतील. कुणासाठीही थांबणार नाही.

आत झपझप उघडझाप करणारे दिवे असतात. फिट्स येत असतील तर भुलभुलैयात शिरू नका, बाहेर चहाला सोबत मिळेल. मशीनचा धूर ग्लायकॉल-पाण्याचा असतो, तरी दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो. पंप खिशात हवा आणि मला आधी सांगायचं.

चपला नकोत, बूट घाला. गेल्या वर्षी पळताना माझी एक चप्पल आतच राहिली. तोंडाला राख फासलेलं भूत ती हातात घेऊन बाहेर आलं आणि अगदी हळू म्हणालं, "काकू, तुमची." तेव्हा कुणी घाबरून गुद्दे मारू नका, मुखवट्यामागे कॉलेजचं पोर असतं. ते आपल्याला हात लावत नाहीत, आपणही लावायचा नाही. मोबाईलचा टॉर्चही बंद. एक युक्ती सांगते: डावीकडे काही हललं की उजवीकडे बघा.

'यापेक्षा शनिवारवाडा काय वाईट' म्हणणाऱ्यांना उत्तर: तिथला नारायणराव पेशव्यांचा १७७३ चा खून खरा होता. इथे सगळं खोटं, म्हणून तर हसत बाहेर येतो.

दहा वर्षांखालच्या मुलांना आणू नका. येणं रद्द असेल तर गुरुवारी रात्रीपर्यंत कळवा, तिकीट दुसऱ्याला देता येईल.