गळती धरूनच माणसे घ्या

संपादक महोदय,

आरोग्य संशोधनाच्या बातमीत किती जण सहभागी झाले हे छापून येते. शेवटपर्यंत किती टिकले, हे क्वचितच. खरी मेख तिथेच असते. अखेरीस 200 जणांची माहिती हवी आणि 20 टक्के गळती अपेक्षित असेल, तर 240 नव्हे, 250 जण घ्यावे लागतात. 240 मधून 48 गेले की उरतात 192. ही चूक जाणकारही करतात. पण नुसता आकडा भरून भागत नाही. औषधाचा त्रास झालेलेच जास्त गळाले, तर उरलेल्यांवरून औषध आहे त्यापेक्षा सोसवणारे दिसते. म्हणून सोडण्याचे कारण, सहभागीने सांगितले तर, नोंदवावेच. नावनोंदणीच्याच दिवशी, त्याच्या संमतीने, दोन नातेवाइकांचे फोन नंबर घ्यावेत. पत्ते आणि नंबर बदलतात, मग शोधाशोध व्यर्थ. भेटीला एकच तारीख न देता, चाचणीला चालत असेल तर, चार दिवस मागेपुढे मुभा द्यावी. आणि प्रवासखर्च प्रत्येक भेटीलाच हातात पडावा. तो शेवटी एकरकमी देणे म्हणजे माणसाला अडकवून ठेवणे. कधीही बाहेर पडण्याची मोकळीक तर माणसांवरील वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वे सांगणाऱ्या 1964 च्या हेलसिंकी जाहीरनाम्यातच दिलेली आहे.

– एक संशोधन समन्वयक