गेमिंग हेडफोन घेताना खोक्यावरचे आकडे बाजूला ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीचे सेल लागले की गेमिंग हेडसेटच्या जाहिरातींचा पाऊस पडतो. दीड-दोन हजारांच्या हेडसेटवरही '7.1 सराउंड' (चहूबाजूंनी आवाज येण्याची सोय), '50 एमएम ड्रायव्हर' (कानाजवळचा छोटा स्पीकर) आणि रंगीत दिवे यांचाच गाजावाजा असतो. कॉलेजातली मुलं साठवलेल्या पैशांतून एकच हेडफोन घेतात. त्यावरच गेम खेळतात आणि गाणीही ऐकतात. त्यांचे पैसे सत्कारणी लागावेत, म्हणून हे पत्र.

'7.1' लिहिलेल्या बहुतेक हेडसेटमध्ये प्रत्येक कानाला एक, असे दोनच ड्रायव्हर असतात. मागून-पुढून आवाज आल्याचा भास सॉफ्टवेअर निर्माण करतं, आणि ते काम कोणत्याही साध्या स्टिरिओ हेडफोनवर होतं. विंडोज 10 आणि 11 मध्ये हेच करणारं 'विंडोज सॉनिक' फुकट मिळतं. 'व्हॅलोरंट'सारख्या गेममध्ये तर एचआरटीएफची (दोन कानांतल्या आवाजाच्या फरकावरून दिशा भासवण्याची) सोय गेमच्याच सेटिंगमध्ये आहे. ती चालू ठेवून वर हेडसेटचं 7.1 लावलं, तर एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया होते आणि शत्रूची पावलं नेमकी कुठून येताहेत हे उलट कळेनासं होतं. दोन्हींपैकी एकच ठेवा. गाणी ऐकताना मात्र दोन्ही बंद करा, नाहीतर गायकाचा आवाज बंद खोलीतून आल्यासारखा पोकळ वाटतो.

ड्रायव्हरचा व्यास मोठा म्हणजे आवाज चांगला, असंही काही नाही. '20 ते 20,000 हर्ट्झ' हा आकडा जवळजवळ प्रत्येक खोक्यावर असतो. त्या पट्ट्यात आवाज किती वर-खाली होतो हे सांगितलेलं नसेल, तर त्याला अर्थ नाही. पाहण्यासारखे आकडे दोन : इम्पिडन्स (विजेला होणारा अडथळा, ओममध्ये) आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक विजेवर किती मोठा वाजतो). 32 ओम आणि दर मिलिवॉटला 100 डेसिबलच्या आसपास असेल, तर लॅपटॉपच्या जॅकवर हेडफोन पुरेसा मोठा वाजतो. 250 ओमचा स्टुडिओ हेडफोन स्वस्तात मिळाला तरी अ‍ॅम्प्लिफायर नसेल तर तो मंद वाजेल.

सर्वांत जास्त तक्रारी पिनेवरून होतात. पिनेवर दोन काळ्या रेषा असतील तर ती फक्त हेडफोनची. तीन असतील तर माइकही त्याच पिनेत आहे. डेस्कटॉपला हिरवा आणि गुलाबी असे वेगळे जॅक असतात. तीन रेषांची पिन हिरव्या जॅकमध्ये घातली की आवाज येतो, पण माइक चालत नाही, आणि माणूस हेडसेट खराब समजून परत पाठवतो. त्याला हवा असतो एका बाजूला छिद्र आणि दुसऱ्या बाजूला हेडफोन व माइकच्या दोन वेगळ्या पिना असलेला स्प्लिटर. दोघांनी एकत्र गाणी ऐकण्याचा स्प्लिटरही दिसायला जवळपास असाच असतो, पण त्याला एक पिन आणि दोन छिद्रं असतात. तो इथे निरुपयोगी. गाण्यातून गायकच गायब झाला आणि वाद्यं तेवढी उरली, तर बहुधा पिन पूर्ण आत गेलेली नसते. ग्राउंड (दोन्ही कानांची सामाईक तार) सुटला की दोन्ही बाजूंना समान असलेला आवाज जवळजवळ कटून जातो. मोबाइलचं जाड कव्हरही हाच घोळ करतं.

कॅबिनेटच्या पुढच्या जॅकला किरकिर येत असेल तर आधी मागच्या जॅकला लावून पाहा. पुढच्या जॅकची आतली वायर ग्राफिक्स कार्डाजवळून जाते आणि त्याचा आवाज उचलते. मागेही किरकिर राहिली, तर काही शेकड्यांत मिळणारा यूएसबी साउंड अ‍ॅडाप्टर पुरतो.

ब्लूटूथ गाण्यांसाठी ठीक, गेमसाठी नको. एसबीसी या साध्या कोडेकवर (ब्लूटूथसाठी आवाज दाबून पाठवण्याच्या पद्धतीवर) आवाज सेकंदाच्या पाचव्या भागाइतकाही मागे पडू शकतो. शिवाय माइक चालू होताच जुन्या पद्धतीचं ब्लूटूथ फोन कॉलच्या दर्जावर येतं, आणि गाण्याचं संगीत टेलिफोनवरून ऐकल्यासारखं होतं. वायरलेसच हवं असेल तर 2.4 गिगाहर्ट्झचं डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) असलेलं घ्या. ते डोंगल निळ्या यूएसबी 3 पोर्टात, हार्ड डिस्कच्या शेजारी लावू नका; यूएसबी 3 मुळे त्याच पट्ट्यात गोंगाट होतो आणि आवाज तुटतो. एक्स्टेन्शन वायरने डोंगल थोडं दूर न्या.

बजेट कमी असेल तर माझा स्पष्ट सल्ला : वायरचा चांगला स्टिरिओ हेडफोन आणि वेगळा साधा माइक. साधारण दोन हजारांच्या आसपास मूनड्रॉप चू 2 किंवा 7हर्ट्झ सॅलनोट्स झीरोसारखे कानात बसणारे इअरफोन (आयईएम) मिळतात. त्या किमतीच्या दिवेवाल्या हेडसेटपेक्षा त्यांवर गाणी कितीतरी स्वच्छ ऐकू येतात, आणि दोन्हींची वायर तुटली तर बदलता येते. कानात काही घातलेलं सोसत नसेल, त्यांनी ऑडिओ-टेक्निका एटीएच-एम20एक्स पाहावा. वायर तीन मीटर आहे, पण ती काढता येत नाही. कॉलरला लावायचा मोबाइलचा माइक घेतलात तर त्याचीही पिन बहुधा तीन रेषांची असते, वरचा स्प्लिटर त्यालाही लागेल.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत कृत्रिम चामड्याच्या गाद्यांचे पापुद्रे सुटतात, म्हणून सुटे इअरपॅड मिळतात का हे घेण्यापूर्वी बघा. चष्मा लावणाऱ्यांनी मऊ गाद्या निवडाव्यात. काडीमुळे फट राहिली की सगळ्यात आधी बास (खालचा, घुमणारा आवाज) जातो, आणि दोष हेडफोनला लागतो.

घरी आल्यावर 'इक्वलायझर एपीओ' हे आवाजाचे पट्टे कमी-जास्त करणारं मोफत सॉफ्टवेअर आणि ते हाताळायला सोपं करणारं 'पीस' टाका. गेमसाठी 120 हर्ट्झखालचा आवाज चार-पाच डेसिबलने कमी करा. म्हणजे स्फोटांखाली पावलं दबत नाहीत. गाण्यांसाठी वेगळी सेटिंग जपून ठेवा. कुठलाही पट्टा 6 डेसिबलने वाढवला, तर प्रीअ‍ॅम्प (आवाजाची एकूण पातळी) उणे 6 करा, नाहीतर आवाज फाटतो. आवाजाची पातळीही सांभाळा : जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्यांसाठी 80 डेसिबल आठवड्याला 40 तास ही मर्यादा आहे, मुलांसाठी 75. दर तीन डेसिबल वाढीला ही वेळ निम्मी होते.

संपादक महोदय, खरेदी पुरवणीत हेडफोनचा तुलनात्मक तक्ता छापताना ड्रायव्हरचा व्यास आणि दिव्यांच्या रकान्यांऐवजी इम्पिडन्स, पिनेचा प्रकार, वायर सुटी होते का आणि गाद्या बदलून मिळतात का, हे चार रकाने द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे