सही घेतली म्हणून विषारी साप विकणारा मोकळा होत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विषारी साप कोणाच्या घरातून पळाला किंवा पाळणाऱ्यालाच चावला अशी बातमी आली की सगळे त्या पाळणाऱ्यावर तुटून पडतात, किती बेजबाबदार, असलं काही पाळायचंच कशाला वगैरे. ते बरोबरच आहे. पण तो साप त्याला कोणीतरी विकला होता ना? विकताना त्या माणसाने काय बघितलं, काय विचारलं, हे कोणीच विचारत नाही, म्हणून हे पत्र.

असे प्राणी विकणारे बरेच जण एक कागद तयार ठेवतात. 'हा प्राणी जीवघेणा आहे याची मला कल्पना आहे, पुढे काहीही झालं तरी विक्रेता जबाबदार राहणार नाही', आणि खाली घेणाऱ्याची सही. तो कागद फाईलला लागला की आपण सुटलो असं त्यांना वाटतं. अहो, सही घेणाऱ्याने केलीये, शेजारच्या घरातल्या पोराने नाही केली, आणि साप पेटीतून निसटला तर तो सही कोणाची आहे ते बघून चावणार नाहीये! दोघांनी आपापसात केलेल्या कराराने तिसऱ्या माणसाचा भरपाई मागायचा हक्क जात नाही. बरं, ज्याने सही केली त्याच्यापुरताही तो कागद वाटतो तेवढा पक्का नसतो. ब्रिटनमध्ये 1977 पासून कायदाच आहे की धंदा करणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे कोणी मेलं किंवा जखमी झालं तर ती जबाबदारी कुठलीही अट घालून झटकता येत नाही.

तिथल्याच 1971 च्या कायद्यात धोकादायक जातीचा प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याची जबाबदारी फार कडक आहे, त्याची चूक सिद्ध करायचीही गरज पडत नाही. विक्री झाली की ही जबाबदारी नव्या मालकाकडे जाते, तेही ठीकच. पण विकतानाच हलगर्जीपणा केला असेल, म्हणजे समोरच्याला काही येत नाही हे दिसत असून साप दिला, किंवा जात चुकीची सांगितली, तर तो दोष विकणाऱ्याचा आणि तो प्राण्याबरोबर दुसऱ्याच्या घरी जात नाही. मला खटकतं ते पुढचं. 1976 च्या कायद्याने असा साप पाळायला लायसन्स लागतं, इन्शुरन्सही लागतो, पण लायसन्स असलेल्या पेट शॉपला या कायद्यातून सूट आहे. म्हणजे ज्याच्याकडून हे प्राणी लोकांच्या घरात जातात त्यालाच मोकळीक!

अमेरिकेत फ्लोरिडाने निदान घेणाऱ्याच्या बाजूने दार घट्ट केलंय, 18 वर्षं पूर्ण पाहिजेत आणि अशा सापांबरोबर किमान 1000 तास काम केल्याचा अनुभव दाखवावा लागतो, मग परमिट. पण एका गावात बंदी आणि दुसरीकडे खुलेआम विक्री असं असलं की काय होतं ते 2024 मध्ये कोलोराडोत दिसलं. लेकवुड शहरातल्या एका तरुणाला त्याच्या घरातला गिला मॉन्स्टर हा विषारी सरडा चावला आणि चारच दिवसांत तो गेला. त्या शहरात हा प्राणी पाळायला परवानगीच नव्हती. त्याच्याकडे असे दोन होते, बातम्यांप्रमाणे एक सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रदर्शनात घेतलेला आणि दुसरा ॲरिझोनातल्या ब्रीडरकडून. या विषावर अँटिव्हेनमच, म्हणजे विष उतरवणारं इंजेक्शनच, नाही. आता 'तुम्ही राहता कुठे, तिथे चालतं का' एवढं विचारायला किती वेळ लागतो हो? औषधाच्या दुकानात चिठ्ठी बघितल्याशिवाय काही गोळ्या देत नाहीत, मग इथे परमिट बघायला काय हरकत आहे?

विक्रेते म्हणतात, कोब्रा विषारी असतो हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, आम्ही वेगळं काय सांगायचं. सांगायचं खूप असतं. अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं पिल्लूही विषारी असतं हे सांगायचं. विषग्रंथी ऑपरेशनने काढलीये म्हणून बिनधास्त हाताळा असं सांगून विकतात, ते तर सांगूच नये, कारण राहिलेला भाग पुन्हा वाढून विष तयार झाल्याची उदाहरणं आहेत. आणि सगळ्यात महत्त्वाचं अँटिव्हेनमचं. भारतात मिळणारं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, आफ्रिकेतल्या माम्बावर त्याचा काही उपयोग नाही. बूमस्लँग या आफ्रिकेतल्याच सापाचं अँटिव्हेनम तर फक्त दक्षिण आफ्रिकेत बनतं. कॅज्युअल्टीतला डॉक्टर पहिला प्रश्न विचारतो, कुठला साप? तेव्हा पेशंटची वाचा गेलेली असू शकते, आणि घरच्यांना फक्त त्या सापाचं लाडाचं नाव माहीत असतं. म्हणून सापाबरोबर एक कागद गेलाच पाहिजे, त्यावर शास्त्रीय नाव, चालणारं अँटिव्हेनम, ते कुठे मिळेल, आणि हाच कागद पेटीवरही चिकटवलेला. पेटीवरून आठवलं, साप कापडी पिशवीत घालून देतात पण दात कापडातून आरपार जातात, त्यामुळे ती पिशवी कडक, कुलूपबंद पेटीत नसेल तर रस्त्यातल्या अपघाताला देणाराच जबाबदार धरला पाहिजे.

जर्मनीतल्या हेर्नमध्ये 2019 ला एका इमारतीत कोब्रा निघाला आणि तीसेक रहिवाशांना कित्येक दिवस घराबाहेर राहावं लागलं. त्या राज्याने 1 जानेवारी 2021 पासून खाजगी लोकांना असे अतिविषारी प्राणी नव्याने घ्यायलाच बंदी केली. मला पूर्ण बंदी हा एकच उपाय वाटत नाही, कारण चोरून विक्री वाढली तर कागदही नाही, नावही नाही, आणि भरपाई मागायची कोणाकडे? पण जिथे विक्री कायदेशीर आहे तिथे ती अशी सैलही नको.

फौजदारी बाजू तर आणखी भयंकर आहे. केरळात कोल्लम जिल्ह्यात 2020 मध्ये नवऱ्याने बायकोला नागाकडून मारवलं, 2021 मध्ये त्याला दुहेरी जन्मठेप झाली. तो नाग त्याला एका साप पकडणाऱ्याने विकला होता, जो पुढे माफीचा साक्षीदार झाला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडे ही विक्री मुळातच गुन्हा आहे, तरीही झालीच ना.

म्हणून जिथे जिथे हा धंदा परवानगीने चालतो तिथे घेणाऱ्याचं परमिट बघून त्याची नोंद ठेवणं, सापाच्या नावाचा आणि अँटिव्हेनमचा तो कागद देणं, आणि विक्रेत्यानेही तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा इन्शुरन्स काढणं सक्तीचं करा. यातलं काही केलं नसेल तर त्या सापाने पुढे कोणाचंही नुकसान केलं तरी पाळणाऱ्याबरोबर विकणाराही भरपाईला बांधील, असं कायद्यातच स्पष्ट लिहून टाका.

आपला,
एक वाचक