सही कोणाची घ्यायची?

महोदय,

घरपट्टीचं बिल घरमालकाच्या नावाने येतं. त्याला स्मृतिभ्रंश झाला असेल तर ते गादीखाली खोचलेलं सापडतं, तोवर थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती सुरू झालेली असते. मग शास्ती माफ करण्याच्या अर्जावर सही कोणाची? बोट धरून अंगठा उमटवून घेतात, पण न समजता दिलेल्या अंगठ्याला कायद्यात किंमत नाही. मुखत्यारपत्रही तोकडं पडतं: देणाऱ्याची समज गेली की करार कायद्याच्या कलम २०१ नुसार ते संपतं.

१९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांपुरता. तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती पालक नेमते. स्मृतिभ्रंश झालेल्यासाठी पालक नेमायला मात्र बहुतेकदा उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ गाठावं लागतं. घरपट्टीसाठी!

इंग्लंडच्या कौन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे तिथल्या घरपट्टीत, बौद्धिक हानी कशाने झाली हे पाहत नाहीत. ती गंभीर व कायमची असल्याचा डॉक्टरचा दाखला आणि ठरावीक भत्त्याची पात्रता असली की त्या व्यक्तीला करासाठीच्या घरातल्या प्रौढांच्या मोजणीतून वगळतात. एकटी राहत असेल तर कर माफ, सोबत एकच प्रौढ मोजला जात असेल तर २५ टक्के सूट.

नागपूर महापालिकेनेही अशी सूट द्यावी. मानसोपचार किंवा मेंदूविकारतज्ज्ञाचा दाखला आणि सांभाळणाऱ्याची सही पुरेशी मानावी. दाखला एकदाच घ्यावा. अल्झायमर काही दर एप्रिलला बरा होत नाही.

- काही वाचक, नागपूर