करून पाहणाऱ्यांनीही पुस्तकांबद्दल लिहावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वर्षभरातल्या वाचनीय पुस्तकांची यादी आली. कादंबऱ्या, चरित्रं, कवितासंग्रह, प्रवासवर्णनं असं सगळं होतं, पण स्वयंपाकाचं एकही पुस्तक नव्हतं. मागच्या वर्षीही नव्हतं. ती पुरवणी मी जपून ठेवली आहे, म्हणून खात्रीने लिहिते. आमच्या घरात यंदा सगळ्यांत जास्त वेळा उघडलं गेलेलं पुस्तक स्वयंपाकाचंच आहे. त्याची शिवण सुटायला आली आहे आणि 112व्या पानावर तेलाचा डाग आहे.

आम्ही प्रतापनगर आणि त्रिमूर्तीनगर भागातल्या नऊ जणी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी एकत्र जमतो. आधी ती साधी भिशी होती. चार वर्षांपूर्वी ठरलं की जिची भिशी लागेल तिने त्या पैशांतून पाककृतींचं एक पुस्तक घ्यायचं आणि पुढच्या वेळी त्यातलाच एक पदार्थ करून आणायचा. आमच्यात एक बँकेतून निवृत्त झालेली आहे, दोघी शाळेत शिकवतात, एक डबे पुरवते. कोणी काय घेतलं, कोणी कशासाठी प्रकाशनपूर्व सवलतीत नाव नोंदवलं, कोणाचं पुस्तक अजून पोस्टातच आहे, यावर आमचा पहिला अर्धा तास जातो. आतापर्यंत चाळीसच्या वर पुस्तकं जमली आहेत. घेऊन पस्तावलो अशीही त्यांत बरीच आहेत, आणि पत्र लिहायचं कारण तेच आहे.

मागच्या डिसेंबरात एका नव्या पुस्तकातली सांभारवडी पाच जणींनी आपापल्या घरी केली. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, सांभार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, आणि ही वडी म्हणजे पुडाची वडी. पुस्तकात लिहिलं होतं, ‘एक मोठी जुडी कोथिंबीर’. डिसेंबरात कॉटन मार्केटमधली जुडी दोन्ही हातांत मावत नाही, मे महिन्यात तीच मूठभर असते. पाच घरी पाच तऱ्हा झाल्या. एकीचं सारण इतकं झालं की पारी पुरली नाही, आणि एकीच्या वडीत नुसतं खोबरंच लागत होतं. त्याहून मोठी चूक म्हणजे सांभार निवडून, धुऊन, फडक्यावर पसरून पार कोरडा करून घ्यायचा असतो, हे पुस्तकात कुठेच नव्हतं. ओल राहिली की वडी कढईत फुटते आणि तेल अंगावर उडतं. तिघींच्या वड्या फुटल्या. शेवटी आम्ही निवडलेला, सुकवलेला सांभार वजनकाट्यावर तोलला. आमच्या बावीस वड्यांना 250 ग्रॅम लागला. तो आकडा मी पेनाने समासात लिहून ठेवला आहे. साडेचारशे रुपयांच्या पुस्तकात तो छापलेला असायला हवा होता.

गोळाभाताचंही असंच झालं. बेसनाचे गोळे भाताबरोबर पाण्यातच सोडायला सांगितलं होतं. तसं केलं की गोळे विरघळतात आणि पातेल्यात पिठलं-भात होतो. भात अर्धामुर्धा शिजून पाणी आटत आलं की वर गोळे ठेवायचे आणि झाकण घालायचं, हे आमच्याकडे दहावीतल्या मुलीलाही माहीत असतं. म्हणजे लेखकाने तो पदार्थ केलाच नव्हता. कादंबरीत असली ढिलाई असती तर समीक्षकाने चार ओळी नक्की लिहिल्या असत्या.

शब्दांचाही प्रश्न आहे. आम्ही ज्याला कोहळं म्हणतो तो पुण्याकडचा लाल भोपळा. एका मैत्रिणीची सून पुण्याची. सासूच्या वहीत ‘कोहळ्याचे बोंडं’ वाचून तिने बाजारातून पेठ्याचा पांढरा कोहळा आणला आणि बिचारी तासभर किसत बसली. मुनगा म्हणजे शेवग्याची शेंग, बरबटी म्हणजे चवळीची शेंग. हे शब्द पुस्तकामागच्या सूचीत घातले तर पानभरही जागा जाणार नाही. तिखटाचंही तसंच. दोन चमचे तिखट लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बेडगी मिरची असते आणि आमच्या डब्यात जहाल भिवापुरी. रस्सा कोणाच्याने खाववत नाही.

दुकानात बघून घ्यावं म्हटलं तर स्वयंपाकाची पुस्तकं राशिभविष्याच्या शेजारी, प्लास्टिकमध्ये सीलबंद. उघडून एक कृती वाचू द्या म्हटलं तर नाही म्हणतात. एका वाचनालयात ही पुस्तकं घरी देत नाहीत, डाग पडतात म्हणून. मग घेणाऱ्याने ठरवायचं कशावरून? मुखपृष्ठावरच्या फोटोवरून?

मराठीतलं हे लेखन नवं नाही की हलकं नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं ‘सूपशास्त्र’ 1875 सालचं आहे. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी 1910 मध्ये हजार पाककृती एका पुस्तकात आणल्या. चौथीपर्यंत शिकलेल्या कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ 1970 ची, आणि वाटी-चमच्याच्या मापांमुळे ती आजही नव्याने संसार मांडणाऱ्या मुलींच्या हातात जाते. माझी प्रत मला आईने लग्नात दिलेली आहे. शाहू पाटोळे यांचं मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या अन्नाविषयीचं पुस्तक मराठीत 2015 मध्येच आलं. आमच्या गटात मात्र ते पोचलं 2024 मध्ये, त्याचं इंग्रजी भाषांतर आल्यावर. नऊ वर्षं आम्हाला कोणी सांगितलंच नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. त्या दुपारी आमच्यातली एक जण पहिल्यांदा आपल्या आजीच्या घरच्या जेवणाबद्दल बोलली. इतक्या वर्षांत तिने तो विषय कधी काढला नव्हता.

याच नागपुरात 2017 मध्ये शेफ विष्णू मनोहर यांनी सलग पन्नासहून अधिक तास स्वयंपाक केला, तेव्हा पानंच्या पानं भरून बातम्या आल्या. आनंदच झाला. पण तेवढ्याच आस्थेने पुस्तकांकडेही बघावं.

म्हणून विनंती करते. पुरवणीत महिन्यातून एकदा, एक स्तंभ पुरे, स्वयंपाकाच्या नव्या पुस्तकाचं परीक्षण द्या. परीक्षण करणाऱ्याने त्यातले निदान तीन पदार्थ स्वतः केलेले असावेत आणि माप कुठे चुकलं, कुठे जमलं ते सांगावं. येऊ घातलेल्या पुस्तकांची माहितीही आधी द्या. आम्हाला सगळ्यांत जास्त वाट आहे ती झाडीपट्टीच्या जेवणावरच्या नीट मापं दिलेल्या पुस्तकाची. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या भाताचे, रानभाज्यांचे, मोहफुलांचे पदार्थ त्यात असावेत. असं काही कोणी लिहीत असेल तर आपल्या वृत्तपत्रातून कळावं. आम्ही नऊ प्रती आजच नोंदवू, आणि छापण्याआधी पदार्थ करून बघायला कोणी हवं असेल तर तेही करू.

येत्या दुसऱ्या शनिवारी माझ्याकडे वडाभात आहे, नव्या पुस्तकातला. आपल्या पुरवणीचं काम पाहणाऱ्या कोणीही दुपारी एक वाजता यावं. पुस्तक टेबलावर असेल आणि वजनकाटाही.

आपली,
एक नियमित वाचक
प्रतापनगर, नागपूर