रेसिपीत राहून गेलेली ओळ

चि. ठमीस,

अनेक आशीर्वाद.

मंगळवारी मी फोनवर ओरडलो, तू फोन ठेवलास, आणि तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे. आजारी पोरीवर कोण ओरडतं, असं तिचं म्हणणं. खरं आहे. म्हणून लिहितोय. लिहिताना माझा आवाज चढत नाही. आणि त्या विषयावर मी आता एक अक्षरही काढणार नाही. फक्त रेसिपी नीट लिहून देतो. गेल्या महिन्यात तू मागितलीस तेव्हा मी ती फोनवर घाईघाईत टाइप केली आणि त्यात एक ओळ राहून गेली. चार दिवस तीच डोक्यात घोळते आहे.

तर, प्लंबरचं दही, म्हणजे आपलं घरचं रँच ड्रेसिंग. अर्धा किलो दही पातळ फडक्यात बांध, चाळणीत ठेव, खाली पातेलं. चार तास निथळू दे, पण फ्रिजमध्ये. बाहेर टांगून ठेवू नकोस. साधारण निम्मं उरेल. तेवढ्या चक्क्याला अर्धी वाटी मेयोनीज. ते बाटलीतलं घे. घरी करायला कच्चा बलक लागतो, आणि तुझ्या पोटाला आत्ता तो नकोच. आठवतं ना, एकदा मी थेंबाथेंबाने घालायचं तेल घाईत भसकन ओतलं आणि सगळं फाटलं? तू ओट्यावर बसून शांतपणे म्हणालीस, ‘बाबा, आता हे कुणाला सांगायचं नाही.’ मग दुसरा बलक फेटून त्यात ते फाटलेलं चमच्याचमच्याने घातलं आणि जुळून आलं. सांगितलं नाहीच कुणाला. आईला हे पत्र वाचूनच कळेल.

लसणाची एकच पाकळी, आणि ती लिंबाच्या रसातच ठेच. कोरडी ठेचून घातलीस तर तिखटपणा चढतो आणि दुसऱ्या दिवशी लसणाशिवाय कसलीच चव लागत नाही. शेपू, पार्सली आणि कांद्याची पात मिळून तीन मोठे चमचे, बारीक चिरून. शेपूचे जाड देठ काढून टाक. धुतलेला पाला फडक्यावर पसरून पूर्ण कोरडा होऊ दे, नाहीतर दोन तासांत सगळ्याला पाणी सुटतं. वाळलेला पाला असेल तर तिसरा हिस्सा पुरे. मीठ, मिरपूड. मग तासभर फ्रिजमध्ये मुरू दे आणि त्यानंतरच चव बघ. तू आधीच चाटून बघतेस आणि मीठ वाढवतेस, ही तुझी जुनी खोड. गाजर बुडवून खायचं तर असंच घट्ट ठेव. सॅलडवर घालायचं तर ताकाने सैल कर, चमच्याच्या पाठीवर पातळ थर राहील इतकंच.

त्या प्लंबरची गोष्ट तुला हजारदा सांगितली असेल. स्टीव्ह हेन्सन अलास्कात नळकामाची कंत्राटं घ्यायचा, बरोबरच्या कामगारांसाठी स्वतः रांधायचा आणि तिथेच त्याने हे ताकाचं ड्रेसिंग जमवलं. १९५४ मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बाराजवळ रँच, म्हणजे मोठा मळा घेतला, नाव ठेवलं हिडन व्हॅली. तिथे येणारे पाहुणे जाताना बरण्या भरून न्यायचे. १९७२ मध्ये त्याने हा धंदा ८० लाख डॉलरना विकला. मी हे मोठ्या कौतुकाने सांगत होतो आणि तू, वय वर्षं सात, विचारलंस, ‘पण त्याने हात धुतले होते का?’

इतकी चिकित्सक पोर! आणि तीच पोर रात्रभर टेबलावर राहिलेला डबा सकाळी उघडून खाते.

तर राहिलेली ओळ. हे दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवायचं नाही. उकाडा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. रात्रभर बाहेर राहिलं तर सरळ टाकून द्यायचं, जीव हळहळला तरी. वास चांगला होता, चवही चांगली होती, असं तू म्हणालीस. त्यावरून काही कळत नाही गं. काही जंतू मागे विष सोडतात आणि ते नंतर फ्रिजमध्ये ठेवून किंवा गरम करूनही जात नाही. फ्रिज ४ अंशांवर असू दे. तीन-चार दिवसांत संपव. मैत्रिणी आल्या की मोठा डबा समोर मांडू नकोस, छोट्या वाटीत काढ, आणि वाटीत उरलेलं परत डब्यात ओतू नकोस. हे सगळं मी त्या मेसेजमध्ये लिहायला हवं होतं. मिरपूड ताजी कुटून घे, हे मात्र दोनदा लिहिलं होतं.

तीन दिवस, ठमे. सलाइन लागलं, तू एकटीने सही केलीस, आणि आम्हाला कळलं ते तुझ्या मैत्रिणीच्या चुकून आलेल्या मेसेजवरून. इतकं काय लपवायचं होतं? आम्ही काय तुला… जाऊ दे. बोलणार नाही म्हणालो होतो. माफ कर.

चौथ्या दिवशी तू ऑफिसात जाऊन प्रेझेंटेशन दिलंस, हेही तिच्याचकडून कळलं. छाती फुगली आणि त्याच क्षणी पोटात गोळा आला.

काल रात्री झोप येईना. दुसरीत होतीस. आई आजीकडे होती, आपण दोघंच. रात्री तुला उलटी झाली. सकाळी उठून बघतो तर तू चादर बादलीत भिजवलेली, दुसरी अंथरलेली, वाकडीतिकडी, आणि भिंतीला चिकटून झोपलेली. मला उठवलं नव्हतंस. मी काय केलं? ‘शहाणी माझी ती’ म्हणालो. मावशीला सांगितलं, दादाला सांगितलं, ऑफिसात सांगितलं. वर्षानुवर्षं कौतुकाने सांगत आलो. एकदाही म्हणालो नाही, की अगं, मला उठवायचं.

आज संध्याकाळी मी प्लंबरचं दही केलंय, अर्ध्या मापाचं. झाकणावर तारीख लिहिली आहे. आईने दोन गाजरं बुडवून खाल्ली आणि मीठ कमी आहे म्हणाली. बोलली तरी.

रविवारी फोन करतो. ओरडणार नाही. रात्री दोनला पोट दुखलं तरी फोन कर, मी जागाच असतो हल्ली.

तुझा,
बाबा

ता. क. तो डबा अजून असेल तर झाकणातली रबरी रिंग काढून, गरम पाण्याने आणि साबणाने घास. त्या खाचेत राहतं.